वर्तुळ काढलं तर खेळात उरलं काय?

*ताई, मी कुडाळचा. आम्ही तिघं मिळून एक छोटा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बनवतोय, मोबाइल आणि पीसी दोन्हींवर चालणारा. गोष्ट इथलीच आहे: खाडी, कातळ, देवराई आणि दशावतारातल्या संकासुरावरून सुचलेला एक बॉस, म्हणजे मोठा, अवघड शत्रू. कोड माझा. चित्रं आणि हालचाली आमच्यातल्या मोठ्याच्या, त्याला आम्ही दादा म्हणतो. सर्व्हर आमची मैत्रीण सांभाळते. मे महिन्यात वाडीतली पोरं आणि सुट्टीला आलेले मुंबईकर यांना गेम खेळायला दिला. पहिल्याच बॉसपाशी सगळे पटापट मेले आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: 'पण मी मेलंय कशान?' मी म्हटलं, मंत्र जिथे पडणार तिथे जमिनीवर लाल वर्तुळ दाखवूया. दादा उखडलाच. म्हणाला, 'राक्षसाचो हात उचलूचो कसो ह्याच्यावर मी एवढी मेहनत घेतलंय, आणि तू लोकांका जमिनीकडे बघूक लावतलंस? मगे खेळात रवला काय?' त्याचं म्हणणं, एव्हरक्वेस्ट या जुन्या ऑनलाइन गेममध्ये कुठे वर्तुळं होती, आणि वाइल्डस्टार हा गेम तर वर्तुळांपायीच बुडाला. मैत्रीण म्हणते सेटिंगमध्ये पर्याय द्या, ज्याला हवं त्याने चालू करावं. आता ते दोघंही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बरोबर कोण?*

प्रिय कुडाळकर,

वर्तुळ दाखवा. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण तुमच्या तिघांच्या वादापेक्षा पोरांचा प्रश्न मला मोठा वाटतो. ऑनलाइन लढाईत मरण्यात वाईट काही नाही. मरत मरतच बॉस शिकला जातो. पण मेल्यावर कारण कळलं नाही तर माणूस पुढच्या वेळी वेगळं काय करणार? तो तेच करतो, पुन्हा मरतो आणि फोन बाजूला ठेवतो. वाडीतल्या पोरांनी निदान विचारलं तरी. अनोळखी खेळाडू विचारणार नाही, सरळ गेम काढून टाकेल.

दादाचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय तू नुसतं वर्तुळ रंगवलंस तर गेम सोपा होईल, चांगला होणार नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तलवारीचा वार कुठून येतो ते दिसतं. एओई मंत्राचं, म्हणजे ठरावीक जागेत सापडलेल्या सगळ्यांना लागणाऱ्या मंत्राचं, तसं नसतं. त्याला केंद्र असतं, त्रिज्या असते आणि आकार असतो: भरीव गोल, शंकू, सरळ पट्टा, किंवा मध्ये सुरक्षित जागा ठेवलेलं कडं. हे सगळं सर्व्हरवरच्या आकड्यांत लपलेलं. राक्षसाने हात कितीही सुंदर उचलला तरी आग पाच मीटरवर थांबणार की सातवर, हे त्या हातावरून कुणालाही कळणार नाही. हात सांगतो काय येतंय आणि कधी. कुठपर्यंत येतंय हे जमिनीनेच सांगायला हवं. तुम्ही दोघं एकाच जागेसाठी भांडताय असं तुम्हाला वाटतंय, पण ही कामंच दोन आहेत.

आणि त्रिज्या माहीत असल्याने खेळातली मजा जात नाही, हे ऑनलाइन खेळांच्या कितीतरी आधीपासून दिसत आलंय. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आगगोळ्याची त्रिज्या २० फूट, असं नियमांच्या पुस्तकातच छापलेलं आहे. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ती पाठ असते. तरीही आगगोळा टाकायची वेळ आली की सगळे श्वास रोखून बसतात, कारण आपला टँक, म्हणजे मार झेलायला पुढे राहणारा सोबती, शत्रूपासून १५ फुटांवर उभा असतो आणि आता टाकायचा की थांबायचं हे ठरवायचं असतं. थरार त्या निर्णयात असतो, त्रिज्येचा अंदाज बांधण्यात नव्हे.

आता दादाचे दोन दाखले घेऊ.

एव्हरक्वेस्ट १९९९चा. जमिनीवर रंगवलेली वर्तुळं तेव्हा नव्हती, हे खरंच. पण त्या लढायांचा वेग आजच्या मानाने फार संथ होता, मंत्र लागल्याची नोंद मजकुराच्या खिडकीत वाचली जायची, आणि कुठे उभं राहायचं ते जुने खेळाडू नव्यांना सांगायचे. तो खेळ अख्ख्या टोळीच्या आठवणीवर चालत होता. तुमच्या बॉसला पाच मिनिटांसाठी एकत्र आलेले अनोळखी चौघे भिडणार आहेत. त्यांच्यामागे अशी आठवण नाही.

त्यानंतर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये जे घडलं ते दादाला आवर्जून सांग. हा खेळ २००४च्या नोव्हेंबरमध्ये आला. सुरुवातीच्या मोठ्या लढायांत जमिनीवर फारसं काही रेखलेलं नसायचं. मग खेळाडूंनीच खेळाला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅडऑन लिहिले: अमुक मंत्र इतक्या सेकंदांत येतोय, पळा. डेडली बॉस मॉड्स हे नाव त्या खेळातल्या जवळपास प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे एव्हीआर नावाचा अ‍ॅडऑन आला. त्याने थेट खेळाच्या जगात जमिनीवर वर्तुळं काढायची सोय केली, आणि खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने २०१०मध्ये ती बंद पाडली. अ‍ॅडऑनने खेळाच्या जगात हात घालायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. तरी बाकीचे अ‍ॅडऑन वाढतच राहिले. शेवटी २०२५मध्ये कंपनीने जाहीर केलं की लढाईतली माहिती वाचून खेळाडूला काय करायचं ते सांगणाऱ्या अ‍ॅडऑनवर मर्यादा घालणार, आणि त्याच वेळी लढाया मुळात खेळातूनच जास्त स्पष्ट समजतील अशा करणार. एवढ्या वर्षांचा हा प्रवास बघितला की एक गोष्ट कळते. बनवणाऱ्याने खूण दाखवली नाही म्हणून खुणेची गरज संपत नाही. ज्यांना अ‍ॅडऑन लावता येतो ते ती मिळवतात, आणि ज्यांना येत नाही ते मागे राहतात. तुमच्या मोबाइलवरच्या खेळाडूला तर अ‍ॅडऑनचीही वाट नाही.

वाइल्डस्टारबद्दल दादा घाई करतोय. २०१४च्या जूनमध्ये आलेला हा खेळ पुढच्याच वर्षी फुकट करावा लागला आणि २०१८च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. पण तो वर्तुळांनी बुडाला असं मी म्हणणार नाही. सुरुवातीची चाळीस जणांची अवघड रेड (मोठ्या गटाने मिळून करायची लढाई), त्या रेडमध्ये शिरण्याआधीच्या लांबलचक अटी, अशी बरीच कारणं त्यामागे होती. त्यातून शिकायचं ते वेगळं. त्या खेळात शत्रूचेच नव्हे तर स्वतःचे आणि सोबत्यांचेही जवळपास सगळे वार जमिनीवर आकार बनून उमटायचे. दोघा-चौघांच्या लढाईत हे छान वाटायचं. प्रत्येक वार नेम धरून करावा लागे. माणसं वाढली की मात्र आकारांवर आकार चढायचे आणि नेमकं मारणारं कुठलं ते शोधण्यातच वेळ जायचा. दादाला 'लोक जमिनीकडेच बघतील' ही जी भीती वाटते, ती इथे खरी ठरते.

म्हणून एकच सरसकट नियम लावू नका. स्वतः मंत्र टाकताना खेळाडूला त्याचं वर्तुळ पूर्ण दिसायलाच हवं, यात मला वादच दिसत नाही. खेळातली मांत्रिक बाई वर्षानुवर्षं साधना करून आलेली आहे. आपली आग कुठवर जाते हे तिला ठाऊक असणारच. ते तिचं ज्ञान खेळवणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचवणं एवढंच वर्तुळाचं काम. सोबत्याच्या माऱ्याची वर्तुळं मात्र जवळजवळ पुसूनच टाका. ती मला लागत नसतील तर मला दाखवून उपयोग काय? (तुमच्या खेळात सोबत्याचा मंत्र आपल्यालाही लागत असेल तर गोष्ट वेगळी. मग तो शत्रूच्या मंत्राइतकाच ठळक हवा.) अपवाद बरं करणाऱ्या वर्तुळाचा. मी बहुतेक वेळा हीलर, म्हणजे सोबत्यांना बरं करणारं पात्र, खेळते, म्हणून हे कळकळीने लिहिते: हीलरने जमिनीवर टाकलेलं वर्तुळ बाकीच्यांना दिसलंच नाही तर कुणी त्यात येऊन उभंच राहत नाही, आणि शिव्या हीलरला पडतात.

राहिला शत्रूचा मंत्र. इथे फायनल फँटसी १४ नीट खेळून बघा, तिघांनी मिळून. २०१० साली आलेली त्याची पहिली आवृत्ती फसली, ती बंद करून २०१३च्या ऑगस्टमध्ये खेळ नव्याने आणला गेला. त्यात सुरुवातीच्या लढायांमध्ये नारिंगी आकार जमिनीवर स्वच्छ दिसतात. खेळाडू त्यातून एक भाषा शिकतो: हा शंकू, हा पट्टा, हे कडं. पुढे पुढे तेच आकार न रंगवता येऊ लागतात आणि मंत्राचं नाव, बॉसची उभं राहण्याची ढब, उजळलेला एक पंख यावरून ओळखावे लागतात. सॅव्हेज नावाच्या अवघड पातळीवर तर पुष्कळ मंत्रांना जमिनीवर खूण नसतेच. पण तोवर खेळाडू तयार झालेला असतो. आधी अक्षर गिरवून घेतलं, मग पाटी काढून घेतली. दादाला हवा असलेला खेळ हाच आहे, फक्त तो पहिल्याच बॉसपाशी मागतोय.

त्याच खेळातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथे काही खुणा 'पळा' म्हणत नाहीत, 'एकत्र या' म्हणतात. एकाच्या डोक्यावर खूण उमटते आणि सगळ्यांनी त्याच्याजवळ गोळा होऊन मार वाटून घ्यायचा असतो. एकट्याने झेलला तर तो मरतो, सगळ्यांनी मिळून झेलला तर सगळे वाचतात. खूण नसती तर अशी लढाई रचताच आली नसती. तुमच्या संकासुराने वेद पळवलेत ना? मग पोथी ज्याच्या हाती आली त्याच्याभोवती बाकीच्यांनी कडं करावं, अशी एखादी चाल रचून बघा. वर्तुळामुळे खेळ सोपाच होतो हा दादाचा समज तिथे आपोआप मिटेल.

कसब जाईल ही भीती आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाने तरी बाळगू नये. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा तो सगळ्या होड्यांना सारखाच दिसतो. म्हणून होडी चालवणाऱ्या तांडेलाचं ज्ञान वाया जात नाही. जाळं आत्ता ओढायचं की सोडून द्यायचं, कुठल्या खाडीत शिरायचं, कुणाला हाक द्यायची, हे त्यालाच ठरवावं लागतं.

आता तुझ्या हातातलं काम. इथे मी थोडी कडक होणार, कारण चुकीचं वर्तुळ दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं.

पहिली गोष्ट वेळेची. वॉरक्राफ्टमध्ये पात्राची साधी धाव सेकंदाला ७ यार्ड आहे. ७ यार्ड त्रिज्येच्या वर्तुळाच्या मधोमध कुणी उभा असेल तर नुसतं बाहेर पडायलाच एक सेकंद लागतो. त्याआधी डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. वर नेटवर्कचा उशीर. समजा सर्व्हर सिंगापुरात आहे, खेळणारा देवगडला आहे, पाऊस लागलाय आणि मोबाइलवर रेंजची एकच काठी उरलीय. तिथे आणखी पाव सेकंद सहज गेला. दीड सेकंद झाला, आणि अजून त्याने विचार केलेलाच नाही! तू सेकंदभराचं वर्तुळ दाखवलंस तर तो दिसूनही मरणार आणि पुन्हा तोच प्रश्न विचारणार. पहिल्या बॉसला पूर्ण तीन सेकंद द्या. पुढे दोनपर्यंत आणा. त्याहून कमी वेळ फक्त अशाच मंत्राला, ज्याचा हात दादाने खूप आधी उचललेला असेल.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. चित्राची कड आणि माराची कड एकच हवी, बोटभरही फरक नको. पात्र आत आहे की बाहेर हे त्याच्या पायाखालच्या बिंदूवरून मोजणार की अख्ख्या देहावरून, ते एकदा ठरवा आणि सगळ्या मंत्रांना तेच लावा. वर्तुळ पुसलं जाणं आणि मार लागणं यांचा क्षणही एकच ठेवा. फायनल फँटसीत नवे खेळाडू सुरुवातीला इथेच गोंधळतात: मार ठरतो तो मंत्र पूर्ण होताना, पण ज्वाळा दिसतात त्यानंतर. तुम्हीही तसं करू शकता, फक्त पहिल्याच लढाईत खेळाडूला ते कळू दे. आणि तुमच्या मैत्रिणीला विचार, सर्व्हरला निकाल देताना थोडी सवलत देता येईल का. खेळाडूच्या पडद्यावर तो बाहेर पडलेला असतो, पण सर्व्हरला ती बातमी उशिरा पोचते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची मोकळीक दिली तरी 'मी तर भायर होतंय' ही तक्रार बरीच कमी होईल.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि इथे तुझं लाल वर्तुळ मला अजिबात पसंत नाही. तुमचा खेळ कोकणातला. जमीन तांबडी, कातळ तांबडा, चिरेखाण तांबडी. त्यावर लाल वर्तुळ दिसणार कुणाला? देवराईच्या हिरव्यावर ते उठून दिसेल असं तुला वाटेल, पण लाल आणि हिरवा वेगळा न ओळखता येणारी माणसं वाटतात त्याहून जास्त आहेत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला हा त्रास असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी असलं तरी दर मोठ्या गटात कुणीतरी सापडेलच. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये शत्रूच्या खुणांचा रंग खेळाडूला बदलता येतो, तेवढं तुम्हीही कराच. पण नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका. कडेला जाड पांढरी रेघ द्या आणि तिच्याबाहेर बारीक काळी, म्हणजे कुठल्याही जमिनीवर ती सुटी दिसेल. आतलं भरणं केंद्रापासून कडेकडे सरकत जाऊ दे. ते कडेला टेकलं की मंत्र पडला. वेळ वेगळी दाखवायला नको. देवळाच्या पायऱ्यांवर आणि उतारावर वर्तुळ जमिनीत बुडत नाही ना, हे खऱ्या फोनवर, उन्हात अंगणात उभं राहून तपासा. मॉनिटरवर सगळंच छान दिसतं.

मैत्रिणीचा पर्याय मला अर्धाच पटतो. रंग, जाडी, उजळपणा हे सगळं सेटिंगमध्ये जरूर द्या. पण सोबतीने खेळायच्या लढाईत ज्याने त्याने खूण चालू-बंद करावी हे नको. एकाने मोठेपणासाठी बंद केली आणि तो मेला तर भार बाकीच्यांवर येतो, आणि मग 'तू चालू का नाही केलीस' यावरून तुमच्यासारखीच भांडणं प्रत्येक गटात लागतील. खुणा नसलेली लढाई हवी असेल तर ती वेगळी, अवघड पातळी म्हणून ठेवा. सगळ्या गटाने शिरतानाच ती निवडायची, आणि बक्षीसही वेगळं. दादाने ती पातळी मनासारखी रचावी.

आणि साध्या पातळीवरही त्याच्या हाताला पहिला मान द्या. राक्षस हात उचलतो, नजर फिरवतो, आवाज देतो. वर्तुळ त्यानंतर अर्ध्या सेकंदाने उमटू दे. ज्याने राक्षसाकडे बघितलं त्याला अर्धा सेकंद जास्त मिळाला. जो जमिनीकडेच बघत बसला तोही वाचेल, पण घाईत. दोन-चार लढायांत लोक आपोआप मान वर करतील, कारण तिकडे बघण्यात फायदा आहे. फक्त दादाने एक पथ्य पाळायला हवं: एका मंत्राला एकच हालचाल, प्रत्येक वेळी तीच. आज डावा हात आणि उद्या उजवा, असं नुसतं देखणेपणासाठी केलं तर लोकांचा त्यावरचा विश्वास उडेल. खूणही त्याच्याच कुंचल्यातून येऊ दे. लाटेचा मंत्र असेल तर आधी वाळू ओली होऊन काळवंडावी, पाय आपटणार असेल तर कातळाला भेग जावी. कड मात्र स्वच्छ हवी, तिथे धूसर काही नको. कड तू आखायची, आत काय भरायचं ते त्याने ठरवायचं.

वादाचा निकाल तिघांपैकी कुणी देऊ नये. गणपतीला सगळे पुन्हा गावी येतील, तेव्हा तोच बॉस दोन तऱ्हांनी खेळायला द्या: एक नुसता हाताचा, एक हात आणि वर्तुळ दोन्हींचा. मे महिन्यात खेळलेल्यांना नको, नव्या पोरांना बसवा. प्रत्येक जण मेला की लगेच, दुसऱ्यांदा सुरू करायच्या आत, कशाने मेलास ते विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही, दादाने तर मुळीच नाही. पोरं राक्षसाकडे किती वेळ बघतात यावर लक्ष ठेवायचं काम त्याला द्या, त्यालाच ते चटकन दिसेल. वही मैत्रिणीकडे असू दे. तिघांनी ती एकत्र बसून वाचा आणि पहिल्या बॉसचे तीन सेकंद कमी करायचे की वाढवायचे ते त्यावरून ठरवा.

तुझी,
ताई